कारण गेले, सवय राहिली

या भाषणाच्या ध्वनिमुद्रणासाठी मला आकाशवाणी केंद्रावर सकाळी अकरा वाजता बोलावले होते. मी नऊ वाजता दारात उभा होतो. पहारेकऱ्याने माझे पत्र वाचले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि पत्र पुन्हा एकदा वाचले. “आजोबा, अजून दोन तास आहेत,” तो म्हणाला. मी म्हटले, “ठाऊक आहे मला.” चुकून लवकर आलेल्या माणसाची समजूत कशी घालावी, हे त्याला येत असावे, परंतु वेळ पुरती ठाऊक असताना दोन तास आधी येणाऱ्या माणसाचे काय करावे, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. त्याने निमूटपणे एक खुर्ची पुढे सरकवली. तेव्हा आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे, त्याचा पुरावा मी केंद्राच्या दारातच देऊन आलो आहे.

विषय आहे माणसाच्या बारीकसारीक सवयींचा, लकबींचा आणि आवडीनिवडींचा. दोन माणसांची ओळख करून देताना आपण नाव सांगतो, गाव सांगतो, हुद्दा सांगतो. पण एवढ्यावरून माणूस कळतो म्हणता? तो चहा बशीत ओतून पितो की कपाने, भाताची खरवड मागून घेतो की टाकून देतो, उशी एक घेतो की दोन, हे कळल्यावाचून त्याच्याशी चार दिवस एका खोलीत राहून पाहा, म्हणजे नाव, गाव आणि हुद्दा यांचा उपयोग किती थोडा, ते ध्यानी येईल.

माझ्यापुरते सांगायचे तर माझी यादी लांब आहे. दुसऱ्या कोणी आधी उलगडलेले वर्तमानपत्र मला वाचवत नाही. घडी मोडली की त्यातल्या बातम्या शिळ्या झाल्या असे वाटते. दुधावरची साय मला बघवत नाही, आणि त्याच सायीचे तूप मात्र मी चमच्याने वाढून घेतो. ओली छत्री कोणी उघडी ठेवली की माझा जीव खालीवर होतो. बाहेर पडताना उंबरठ्यावर थांबून मी खिसा तीनदा चाचपतो. दोनदा चाचपून भागत नाही. चौथ्यांदा चाचपण्याची गरज वाटत नाही. आणि कोठेही जायचे असो, मी इतका आधी निघतो, की यजमान न्हाऊन होण्यापूर्वी पाहुणा दारात, अशी वेळ अनेकदा आली आहे. आमच्या घरी याचे वर्णन फार थोडक्यात होते. आमची मंडळी म्हणतात, “ह्यांची गाडी नेहमी आदल्या दिवशीची असते.”

आपल्या असल्या गोष्टी चारचौघांत सांगण्याची मूळ परंपरा फार थोर माणसाची आहे. फ्रान्समध्ये सोळाव्या शतकात मोंतेन नावाचा एक जमीनदार होऊन गेला. १५८० मध्ये त्याने आपल्या निबंधांचे पहिले पुस्तक छापले, आणि त्यात व पुढच्या भागांत जगाला बिनदिक्कत सांगून टाकले, की मी घाईघाईने जेवतो आणि त्या घाईत कधी जीभ चावतो, कधी बोटही चावतो. फळांपैकी मला खरी आवड खरबुजाची. आणि माझ्या वडिलांना तोंडी लावण्याचे मसालेदार प्रकार मुळीच खपत नसत, मला मात्र ते सगळे आवडतात. आपल्याकडे प्राध्यापक ना. सी. फडके यांनी ‘गुजगोष्टी’ लिहिल्या आणि अनंत काणेकरांनी ‘पिकली पाने’ लिहिली, तेव्हा मराठी माणसालाही कळले, की स्वतःच्या क्षुल्लक गोष्टीवर गंभीर माणसाने लिहिण्यात काही गैर नाही.

परंतु या विषयावर बोलताना आपण बहुधा गमतीपाशी थांबतो. एखाद्याची लकब दिसली, की हसू येते, नक्कल करावीशी वाटते आणि गोष्ट तेथेच संपते. मला आज त्याच्या एक पाऊल पुढे जायचे आहे. ही लकब त्या माणसाकडे आली कोठून, असा प्रश्न आपण फार क्वचित विचारतो.

काकासाहेब कालेलकरांनी गांधीजींची एक आठवण सांगितली आहे. १९१५ साली मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन होते. गांधीजी आपल्या सामानात काहीतरी कासावीस होऊन शोधत होते. काय हरवले, असे विचारता कळले, की एक पेन्सिल. आणि पेन्सिल तरी केवढी, तर जेमतेम दोन इंचांचे थोटूक! काकासाहेबांनी आपली चांगली पेन्सिल पुढे केली. गांधीजी ती घेईनात. त्यांना तेच थोटूक हवे होते. हे एवढेच ऐकले, तर कोणीही म्हणेल, की थोर माणसांच्या लहरीही थोर असतात. परंतु ती पेन्सिल मद्रासला नटेसन यांच्या लहान मुलाने मोठ्या प्रेमाने त्यांना दिलेली होती. हे कळल्यावर त्या शोधण्याला लहर कसे म्हणावे? दोघांनी शोधून अखेर ती सापडली, तेव्हा गांधीजींचा जीव भांड्यात पडला.

याच्या उलट गोष्ट इंग्रजांच्या डॉक्टर जॉन्सनची. हा कोशकार संत्र्याच्या साली खिशात घालून घरी नेई आणि वाळवून ठेवी. त्याचा चरित्रकार बॉझवेल याने फार आर्जवे केली, की या सालींचे आपण करता तरी काय, ते सांगा. जॉन्सनने शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. १७९१ मध्ये दोन भागांचे मोठे चरित्र छापून निघाले. साली मात्र गूढच राहिल्या. म्हणजे एका सवयीमागचे कारण कळले आणि दुसरीचे कळले नाही. पण कारण कळले नाही म्हणून ते नव्हतेच, असे कसे म्हणावे?

आता मी माझ्या गावाकडे वळतो. कारण माझ्या दोन सवयी तेथल्या आहेत. माझे गाव अथाल. दादरा आणि नगर हवेली या मुलखात, सिल्वाशाहून नरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दमणगंगेच्या काठी ते आहे. आज तेथे कारखान्यांच्या भिंती आणि मालमोटारींच्या रांगा दिसतात. माझ्या वडिलांच्या तरुणपणी तेथे शेते, ताडाची झाडे, वारल्यांच्या कुडाच्या झोपड्या आणि नदी एवढेच होते. त्यांत नदी सर्वांत मोठी.

हा मुलूख नकाशावर पाहिला तर हसू येईल असा आहे. १७८३ मध्ये नगर हवेली मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि दोन वर्षांनी दादरा गेला. दोहोंच्या मध्ये पुन्हा दुसऱ्यांचा मुलूख. दमणहून दादऱ्याला जायचे, तर परक्या हद्दीतून; दादऱ्याहून नगर हवेलीत यायचे, तरी परक्या हद्दीतून. १९५४ साली २२ जुलैला दादरा मुक्त झाला, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. नरोली मुक्त झाली, त्या दिवसांत दमणगंगेला पूर होता आणि सिल्वाशाच्या पोर्तुगीज शिपायांना नदी ओलांडून नरोलीच्या मदतीला येता आले नाही. पुढे पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद नेली. प्रश्न होता, या तुकड्यांतून त्या तुकड्यांत जाण्यायेण्याच्या हक्काचा. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला, तो असा, की सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता तसा हक्क होता, सैन्य आणि शस्त्रे यांच्यापुरता नव्हता, आणि भारताने काही गैर केलेले नाही.

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, अथालला किराण्याचे लहानसे दुकान चालवीत. १९५४ पर्यंत त्यांनी पोर्तुगीजांचा अंमल पाहिला. त्यानंतर सात वर्षे कारभार वरिष्ठ पंचायतीकडे होता. १९६१ च्या ऑगस्टमध्ये हा मुलूख भारतात रीतसर सामील झाला. त्यावेळी करारावर सही करण्यासाठी बदलानी नावाच्या एका सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले होते. गाव तेच, दुकान तेच, तराजूही तोच. पावतीवरचे सरकार मात्र बदलत गेले. अण्णांनी यातून एकच धडा घेतला. कोणतीही पावती फाडायची नाही आणि घराबाहेर पडताना महत्त्वाचा कागद खिशात आहे ना, ते पाहायचे. उंबरठ्यावर थांबून ते सदऱ्याचा खिसा चाचपीत. एकदा, दोनदा, तीनदा. ज्या मुलखात जाण्यायेण्याचा प्रश्न हेगपर्यंत गेला, त्या मुलखातल्या दुकानदाराने घराबाहेर पडताना खिसा चाचपला, तर त्यात नवल ते काय! माझा जन्म १९५४ नंतरचा. मला कोणी कधी कोठे अडवले नाही. माझ्या खिशात बहुधा एक रुमाल आणि सुपारीची डबी असते. तरी मीही तीनदाच चाचपतो.

आता लवकर निघण्याची गोष्ट. ती सांगताना मला थोडे जड जाते. पण ती सांगितल्याशिवाय या भाषणाला अर्थ नाही.

अण्णांना कोठेही जायचे असले, की त्यांची घालमेल आदल्या संध्याकाळी सुरू होई. भिलाड स्टेशन आमच्यापासून काही फार लांब नाही. पण सकाळी सातची गाडी असली, तर अण्णा तीन वाजता उठत, कंदील लावीत आणि सर्वांना उठवीत. पाच वाजता आम्ही स्टेशनावर. फलाटावर एखादे कुत्रे आणि आम्ही! लहानपणी या गोष्टीची मौज वाटे. मोठेपणी लाज वाटू लागली. मी शिकलो, चार पुस्तके वाचली, आणि अशा मुलाला प्रथम जे सुचते, तेच मलाही सुचले. वडिलांना हसणे.

मला नोकरीच्या मुलाखतीसाठी मुंबईला जायचे होते. पावसाळ्याचे दिवस होते. आदल्या रात्री दोन मित्र घरी आले होते. अण्णा म्हणाले, “पहाटे तीनला उठवतो हं तुला.” मित्रांच्या देखत मी म्हणालो, “अण्णा, भिलाडच्या वाटेवर दमणगंगा कुठे आडवी येते? नदी सिल्वाशाच्या वाटेवर आहे. तुम्ही मला उठवू नका. माझा मी उठेन.” मित्र हसले. अण्णाही थोडेसे हसले. “बरे,” एवढेच म्हणाले.

मी सहाच्या सुमारास निघालो. वेळ पुरेसा होता. हिशेबात कोठे चूक नव्हती. परंतु नरोलीच्या पुढे पावसाने रस्ता खचला होता आणि आमचे वाहन चिखलात रुतले. मी उरलेली वाट धावत गाठली. स्टेशनात शिरलो, तेव्हा गाडीचा शेवटचा डबा फलाट सोडत होता. दुसऱ्या गाडीने मुंबईस पोहोचेपर्यंत मुलाखती संपलेल्या होत्या. ती नोकरी गेली. पुढे दुसरी मिळाली, संसार झाला, काही बिघडले नाही. पण त्या दिवशी मी घरी परतलो, तेव्हा अण्णा काय म्हणतात, या धास्तीने माझे पाय जड झाले होते.

अण्णा काहीच म्हणाले नाहीत. “भिजला आहेस, डोके पूस,” असे म्हणून ते दुकानात गेले. मग आईने मला सांगितले, की ते तीन वाजता उठले होते. कंदील लावून ओटीवर बसले होते. चारला एकदा माझ्या अंथरुणापर्यंत आले आणि परत गेले. पाचला पुन्हा आले. “मुलाने नको म्हटले आहे,” असे ते आईला म्हणाले.

“पण आई, एवढी घाई त्यांना असते तरी कशाची?” मी जरा चिडूनच विचारले. आपली चूक झाली, की माणसाला चिडण्याची घाई होते. तेव्हा आईने मला जे सांगितले, ते तोवर घरात कोणी उच्चारले नव्हते.

माझी आजी, म्हणजे अण्णांची आई, मी पाहिलेली नाही. पोर्तुगीज अमदानीतला तो एक पावसाळा. आजीला ताप भरला होता. सकाळी नदीपलीकडे डॉक्टरकडे न्यायचे ठरले. अण्णा तेव्हा विशीचे होते. दुकानात गिऱ्हाईक होते, माल मोजायचा राहिला होता, आणि दुपारी निघालो तरी चालेल, असे त्यांना वाटले. दुपारी डोलीतून आजीला काठावर आणले, तो वरच्या डोंगरात झालेल्या पावसाचे पाणी उतरले होते. होडीवाल्याने होडी वर ओढून बांधली होती. त्या पाण्यात होडी घालणे म्हणजे सर्वांनाच बुडवणे. त्याचे बोलणे खरे होते. रात्रभर सगळे काठावर पाणी उतरण्याची वाट पाहत राहिले. पहाटे पाणी उतरू लागले. आजी त्याच्या थोडी आधी गेली.

त्यानंतर अण्णा आयुष्यात कोठेही दुपारी निघाले नाहीत.

श्रोतेहो, मी ज्याला म्हाताऱ्याची लहर समजत होतो, ती ही होती. भिलाडच्या वाटेवर दमणगंगा आडवी येत नाही, हे अण्णांना माझ्याइतकेच ठाऊक होते. पण त्यांच्यापुरती ती प्रत्येक वाटेवर आडवी येत होती. आणि हे सारे मनात असताना, मुलाने नको म्हटले म्हणून तीन वाजल्यापासून कंदिलाशी स्वस्थ बसून राहणे त्यांना किती कठीण गेले असेल, याचा विचार मी आजही फार वेळ करू शकत नाही.

आता कोणी म्हणेल, की प्रत्येक खोडीमागे अशी करुण कथा असते काय? मुळीच नाही. माझ्या वर्तमानपत्राच्या खोडीमागे निव्वळ स्वार्थ आहे. पहिल्याने वाचायला मिळावे, एवढेच. ताटात लिंबाची फोड डावीकडेच हवी, नाहीतर जेवण जात नाही, असे म्हणणाऱ्या गृहस्थांच्या मागे बहुधा लाडावलेले बालपण असते. शिवाय सवयीचे कारण थोर असले, तरी तिचा त्रास इतरांनी किती सोसावा, हाही प्रश्न आहेच. अण्णांच्या पायी आईची कित्येक रात्रींची झोप मोडली, हे विसरून चालणार नाही. मी म्हणतो ते इतकेच, की हसण्याच्या आधी एकदा विचारून पाहावे.

विचारले, की घरातल्याच माणसांविषयी किती नवे कळते! आमच्या घरी भाताचे तांदूळ मापून झाले, की त्यांतले मूठभर पुन्हा डब्यात टाकण्याची रीत आहे. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी हे रोज पाहिले आणि एकदाही विचारले नाही. परवा विचारले. उत्तर मिळाले, “माझी आई टाकायची. महिनाअखेरीस त्या मुठींवर दोन दिवस निघायचे.” आता महिनाअखेरीस आमच्याकडे तांदूळ संपत नाहीत; मूठ मात्र परत जाते. आमच्या शेजारी कारखान्यात काम करणारे एक ओडिया कुटुंब राहते. रात्रीच्या भातात पाणी घालून दुसऱ्या दिवशी तो पाण्यासकट खाण्याची त्यांची आवड पाहून आमच्या घरी प्रथम नाके मुरडली गेली. मग बोलणे झाले. ते लोक त्याला पखाळ म्हणतात, आणि उन्हाळ्यात त्यासारखे सुख नाही म्हणतात. हे ऐकताना मला आठवले, की माझे आजोळचे आजोबा शिळा भात ताकात कालवून, वर कांदा फोडून खात आणि पंचपक्वान्नाला नाक मुरडीत.

आणि सवयी काय माणसांनाच असतात? भाषेलाही असतात. निरोप घेताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ असते. ज्या कोणा बाईने प्रथम हा शब्द फिरवला, तिच्या मनात कसले भय होते, कोण सांगणार? भय विसरले गेले, शब्द राहिला. पोर्तुगीजांचे राज्य कधीच संपले. पण पाव, चावी, बादली, पगार, बिजागरी हे त्यांचे शब्द मराठीत घरच्यासारखे वावरतात. अण्णा पोर्तुगीजांच्या नावाने बोटे मोडीत आणि त्याच दमात म्हणत, “जरा चावी आण रे.”

आता दमणगंगेवर पूल आहे. वर मधुबनला धरण आहे. आजीला नेता आले नाही, ते अंतर आज मोटार काही मिनिटांत तोडते. २०२० च्या २६ जानेवारीपासून आमचा प्रदेश दमण आणि दीवला जोडला गेला आहे. म्हणजे गाव न हलता आमचा पत्ता पुन्हा एकदा बदलला. अण्णा असते, तर त्यांनी तो कागदही जपून ठेवला असता.

गेल्या पावसाळ्यात मला नातीबरोबर मुंबईस जायचे होते. मी आदल्या रात्री म्हटले, “चारला उठू या.” ती हसली आणि आपला मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, “आजोबा, गाडी आत्ता कुठे आहे, हेसुद्धा यात दिसतं. तुम्ही कशाला घाबरता?” मला माझेच बोलणे ऐकू आल्यासारखे वाटले. पण अण्णांनी जे केले नाही, ते मी केले. मी तिला जवळ बसवून आजीची, होडीची आणि कंदिलाची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. उठून झोपायला गेली.

पहाटे मला जाग आली, तेव्हा ओटीवर दिवा लागलेला होता. पोर अंघोळ करून, पिशवी भरून, पायांत चपला घालून बसली होती. घड्याळात साडेतीन वाजले होते. “आजोबा, निघू या ना?” तिने विचारले.

आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या तोंडून शब्द निघाले, “अगं, बस जरा. चहा घेऊ. पुष्कळ वेळ आहे.”

चहा झाला. आम्ही निघालो. उंबरठ्यावर मी थांबलो आणि खिसा चाचपला. एकदा, दोनदा, तीनदा. मागे वळून पाहतो, तो तीही आपली पिशवी चाचपीत होती.